पाण्याचा जिना

[रस्त्यात चढ आला की आपण चढून जातो; पण होडीच्या वाटेत चढ आला तर? पाणी चढावर जात नाही, मग होडी कशी जाणार? इंग्लंडमधील अरुंद कालव्यांवर ही अडचण कशी सोडवली गेली, याची माहिती या पाठात दिली आहे. पुण्यातील मुठा कालव्याच्या काठावर एका विद्यार्थिनीने विचारलेल्या प्रश्नापासून पाठाची सुरुवात होते.]

जानेवारी महिना होता. आमच्या वर्गाची सहल एम्प्रेस गार्डनला गेली होती. फुले पाहून झाली, डबे खाऊन झाले. परतताना आम्ही मुठा उजव्या कालव्यावरच्या पुलाजवळ थांबलो. त्या दिवशी कालव्याला भरपूर पाणी होते. तीन-चार मुलांनी वहीच्या कागदाची होडी केली आणि पुलावरून पाण्यात सोडली. होडीने एक गिरकी घेतली, मग ती सरळ झाली आणि हडपसरच्या दिशेने निघाली.

“कुठपर्यंत जाईल रे ती?” एकाने विचारले.

“इंदापूरपर्यंत!” दुसरा म्हणाला. सगळे हसले.

मी म्हणालो, “हसू नका. होडी टिकली तर खरोखरच जाईल. हा कालवा खडकवासला धरणापासून निघतो. पर्वतीच्या पायथ्याजवळून, स्वारगेटवरून, हडपसर आणि लोणी काळभोरवरून तो दौंड आणि इंदापूर तालुक्यांत जातो. त्याची लांबी सुमारे २०० किलोमीटर आहे.”

तेवढ्यात एका मुलीने विचारले, “सर, पाणी इतके लांब जाते, तर माणसे होडीत बसून का जात नाहीत? वाटेत गर्दी नाही, धूर नाही. स्वारगेटचा सिग्नलसुद्धा लागणार नाही!”

प्रश्न चांगला होता. पण बस उभी होती. “याचे उत्तर उद्या वर्गात,” असे मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर दोन रेघा काढल्या. एक तिरकी, एक आडवी. मग सांगायला सुरुवात केली.

मुलांनो, उर्दूत आपण ज्याला नहर म्हणतो, त्यालाच मराठीत कालवा म्हणतात. कालवे दोन प्रकारचे असतात. काही कालवे पाणी नेतात, काही कालवे होड्या नेतात. आपल्या महाराष्ट्रातील बहुतेक कालवे पाणी नेणारे आहेत. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आजच्या छत्रपती संभाजीनगरसाठी, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादसाठी, नहर बांधली. तिला नहरे अंबरी म्हणतात. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून पुणे शहरात जमिनीखालून पाणी आणले. ही कामे लोकांची तहान भागवण्यासाठी झाली. मुठा कालवा शहराची तहानही भागवतो आणि शेतांनाही पाणी देतो.

पाणी नेणारा कालवा या तिरक्या रेघेसारखा असतो. त्याला सगळीकडे थोडा थोडा उतार दिलेला असतो, म्हणून पाणी आपोआप पुढे जाते. अशा कालव्यातून होडी एका दिशेने वाहत जाईल, पण परत कशी येईल? शिवाय शेतीसाठी पाणी ठरलेल्या दिवसांतच सोडतात. त्याला आवर्तन म्हणतात. पाणी कमी झाले की होडी चिखलात बसायची! म्हणून आपल्या कालव्यात होड्या चालत नाहीत. पुण्यात होड्या मात्र आहेत. मुळा आणि मुठा नद्यांच्या संगमाजवळ अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ सालापासून आहे. पण त्या नदीतल्या होड्या आहेत, कालव्यातल्या नाहीत.

होड्या नेणारा कालवा या आडव्या रेघेसारखा असतो. त्यातील पाणी जवळजवळ स्थिर असते. त्यामुळे होडी दोन्ही दिशांना जाऊ शकते. पण जमीन काही फळ्यावरच्या रेघेसारखी सपाट नसते. वाटेत टेकडी येते, दरी येते. मग काय करायचे?

माणसाने युक्ती काढली. डोंगर चढण्यासाठी आपण पायऱ्या करतो ना? तशा पाण्याच्या पायऱ्या केल्या. कालव्याचा एक सपाट भाग, मग एक पायरी, मग पुन्हा सपाट भाग. प्रत्येक पायरीच्या जागी दगडविटांची एक अरुंद खोली बांधली. तिला छप्पर नाही, पण दोन दारे आहेत. एक वरच्या बाजूला, एक खालच्या बाजूला. या खोलीला लॉक म्हणतात. चीनमध्ये ९८४ साली असे दुहेरी दारांचे लॉक बांधल्याची नोंद आहे. ते बांधणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव चिआओ वेइयुए होते.

लॉकचे काम कसे चालते ते नीट ऐका. होडीला वर चढायचे आहे. लॉकमधील पाणी खालच्या पातळीवर आहे. खालचे दार उघडे आहे. होडी आत शिरते. माणसे खाली उतरतात आणि मागचे दार लावून घेतात. मग वरच्या बाजूला जातात. तिथे पाणी आत येण्यासाठी एक मोरी असते आणि मोरीवर सरकती फळी असते. लोखंडी हँडल फिरवून ती फळी वर उचलली की वरचे पाणी धबधब आत येऊ लागते. खोली भरत जाते. पाण्याबरोबर होडीही हळूहळू वर येते. पाच-दहा मिनिटांत आतले पाणी आणि पुढचे पाणी एका पातळीवर येते. मग दाराला जोडलेला लांब लाकडी दांडा पाठीने रेटायचा. दार उघडते आणि होडी पुढे निघते. इंजिन नाही, वीज नाही. सगळे काम पाणीच करते.

पातळी सारखी होण्याआधी दार उघडायचा प्रयत्न केला तर? दहा माणसांनी जोर लावला तरी दार हलत नाही. पाण्याचा दाब त्याला घट्ट धरून ठेवतो. दोन्हीकडचे पाणी समान झाले की एकटा माणूसही ते उघडू शकतो. म्हणून तिथे घाई करून काही उपयोग नसतो.

आता चला, मनानेच एक प्रवास करू. इंग्लंडमध्ये वुस्टर नावाचे गाव सेव्हर्न नदीच्या काठी आहे. तिथून बर्मिंगहॅम या मोठ्या शहरापर्यंत एक कालवा जातो. तो १८१५ साली पूर्ण झाला. लांबी फक्त ४८ किलोमीटर, म्हणजे पुण्याहून दौंडपेक्षाही कमी. पण वाटेत तब्बल ५८ लॉक आहेत!

आपली होडी पाहा. तिला नॅरोबोट, म्हणजे अरुंद होडी म्हणतात. तिची रुंदी जेमतेम २ मीटर, पण लांबी २१ मीटरपर्यंत असते. जणू काही पाण्यावर ठेवलेला रेल्वेचा बारीक डबाच! लॉक अरुंद बांधले, म्हणजे खर्च कमी आणि पाणीही कमी. म्हणून होड्याही अरुंद केल्या. होडीच्या मागच्या टोकाला उभे राहून सुकाणू धरायचे. दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते. नवशिके इथेच चुकतात आणि होडी काठावर आपटते.

होडीचा वेग किती? तासाला सुमारे ६ किलोमीटर. त्यापेक्षा जास्त वेगाने गेले तर लाटा उठतात आणि काठाची माती ढासळते. काठावरून भरभर चालणारा माणूसही आपल्या पुढे निघून जातो. दोन्ही बाजूंना झाडे, कुरणे, बदके. कुठेतरी एखादा म्हातारा गळ टाकून बसलेला. कोणालाही घाई नाही.

स्टोक नावाच्या गावानंतर मात्र खरे काम सुरू होते. टार्डबिग येथे एकापाठोपाठ एक ३० लॉक आहेत. सुमारे साडेतीन किलोमीटरच्या अंतरात होडी ६७ मीटर वर चढते. हाच तो पाण्याचा जिना! एवढे अंतर आपण पाऊण तासात चालून जाऊ. पण होडीला चार-पाच तास सहज लागतात. तीस वेळा दार लावायचे, फळी उचलायची, वाट पाहायची, दार उघडायचे. पुढे वास्ट हिल नावाचा सुमारे अडीच किलोमीटर लांबीचा अंधारा बोगदा लागतो. त्यातून बाहेर पडून थोडे पुढे गेले की बोर्नव्हिल येते. कॅडबरी चॉकलेटचा प्रसिद्ध कारखाना १८७९ साली इथेच कालव्याजवळ उभा राहिला.

“सर, आता आपण बर्मिंगहॅमला थांबायचे आणि चॉकलेट खायचे!” मागच्या बाकावरून आवाज आला. वर्गात हशा पिकला.

पण मुलांनो, हे कालवे सहलीसाठी बांधलेले नव्हते. त्या काळी रस्ते खराब होते आणि आगगाडी नव्हती. खाणीतला कोळसा शहरात नेणे फार महाग पडे. १७६१ साली जेम्स ब्रिंडली या कारागिराच्या देखरेखीखाली वर्स्ली ते मँचेस्टर हा कालवा सुरू झाला आणि मँचेस्टरमध्ये कोळशाची किंमत जवळजवळ निम्म्यावर आली. ब्रिंडलीचे शालेय शिक्षण अगदी थोडे झाले होते. रस्त्यावरून एक घोडा फार तर एक-दोन टन माल ओढू शके. तोच घोडा काठावरून चालत २५ टन मालाची होडी ओढून नेई. बोगद्यात घोड्याला वाट नसे. तेव्हा माणसे होडीवर आडवी पडून दोन्ही पायांनी भिंत रेटत होडी पुढे नेत.

पुढे आगगाड्या आल्या. कालव्यांची कमाई घटली. नावाड्यांना घरभाडे परवडेना. मग बायकामुलेही होडीवरच राहू लागली. तीन मीटर लांबीच्या खोलीत सगळा संसार! स्वयंपाक तिथेच, झोपणे तिथेच. त्या खोल्यांवर ते गुलाबाची फुले आणि किल्ले रंगवत. घर लहान असले तरी सुंदर असावे, असे त्यांना वाटे. पण होडी आज इथे तर उद्या तिथे. मुले शाळेत जाणार कशी? ती लहानपणापासून घोडा हाकत, दारे उघडत. पुस्तक त्यांच्या हाती येतच नसे. अशा होड्यांची नोंद व्हावी आणि मुलांना शिक्षण मिळावे, म्हणून १८७७ साली तिथे कायदा करण्यात आला. तरीही अनेक मुले निरक्षरच राहिली. आज या होड्यांना डिझेलचे इंजिन असते आणि लोक सुट्टीत त्या भाड्याने घेतात.

एवढे सांगून मी फळ्यावर एक गणित लिहिले. लॉकची लांबी २२ मीटर, रुंदी २.२ मीटर आणि पाण्याची चढण २.२ मीटर. एक होडी वर चढवायला किती पाणी लागेल?

वर्ग कामाला लागला. “सुमारे १०६ घनमीटर,” एका मुलीने सांगितले. “म्हणजे १ लाख ६ हजार लीटर!”

“एका होडीसाठी, एका पायरीला,” मी म्हणालो. “हे पाणी वरच्या भागातून खाली येते आणि पुन्हा वर जात नाही. म्हणून होडीवाल्यांचा एक नियम आहे. लॉकमधून बाहेर पडलात की थांबा. मागे जा. फळी खाली टाका, दार लावा, मगच पुढे जा. तिथे पहारेकरी नसतो. विसरलात तरी कोणी रागावत नाही. पण मोरी रात्रभर उघडी राहिली तर वरच्या भागातले पाणी निघून जाते. मागून येणाऱ्या माणसाची होडी सकाळी चिखलात रुतलेली असते. तो माणूस कोण, हे आपल्याला माहीतही नसते. तरी दार त्याच्यासाठी लावायचे असते.”

वर्ग थोडा शांत झाला. मग कोणीतरी विचारले, “सर, आपल्याकडे असे दरवाजे नाहीत का?”

आहेत. मुंबईच्या इंदिरा गोदीच्या तोंडाशी मोठे लॉक आहे. भरती-ओहोटीमुळे समुद्राचे पाणी वर-खाली होते, तरी गोदीतील जहाजांना त्रास होत नाही. उत्तर भारतात १८५४ साली गंगा कालवा सुरू झाला. त्यावर होड्यांसाठी लॉक बांधले होते. गंगेवर फरक्का येथेही जहाजांसाठी लॉक आहे. आणि आपल्या खडकवासल्याचे नाव तर इंजिनिअरांच्या पुस्तकांत आहे. पुण्यात शिकलेल्या विश्वेश्वरय्यांनी पुराचे पाणी ठरावीक उंचीवर आले की आपोआप उघडणारे दरवाजे तयार केले. ते १९०३ साली खडकवासला धरणावर प्रथम बसवले गेले.

“पण सर, भिंत फुटली तर दरवाजे काय करणार?” खिडकीजवळ बसलेली एक मुलगी हळूच म्हणाली. “आमची खाला दांडेकर पुलाजवळ राहायची. मी तेव्हा लहान होते. कालवा फुटला आणि तिच्या घरात पाणी शिरले. आपाची सगळी पुस्तके वाहून गेली.”

ती २७ सप्टेंबर २०१८ ची गोष्ट सांगत होती. त्या दिवशी जनता वसाहतीजवळ मुठा कालव्याची भिंत फुटली. दांडेकर पूल परिसरातील शेकडो घरांत पाणी घुसले. भांडी, धान्य, कपडे, दप्तरे, सारे गेले. पुण्यातील वडीलधाऱ्यांना १२ जुलै १९६१ हा दिवसही आठवतो. त्या दिवशी पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याचे धरणही फुटले आणि पुण्यात महापूर आला.

मी म्हणालो, “म्हणूनच पाणी अडवणाऱ्या भिंतीची सतत काळजी घ्यावी लागते. कालवा शांत दिसतो, पण त्याच्या कडा निसरड्या असतात आणि आत ओढ असते. त्यात पोहायला कधीही उतरू नका. त्यात कचराही टाकू नका. तुमच्या होडीच्या वाटेवरच इंदापूरचा शेतकरी आहे. तो कालव्याच्या शेवटी आहे. वरच्या लोकांनी पाणी वाया घालवले, तर त्याचे आवर्तन कोरडे जाते. त्याला आपण ओळखत नाही. तोही आपल्याला ओळखत नाही.”

“दादी सांगते,” खिडकीजवळची ती मुलगी म्हणाली, “वाहत्या नदीच्या काठी वुजू केला तरी पाणी जपून वापरावे.”

“तुझ्या दादीने माझा अर्धा पाठ एका वाक्यात सांगितला,” मी म्हणालो.

कागदाची होडी सोडणारा मुलगा उठून उभा राहिला. “सर, मग माझी होडीसुद्धा कचराच झाली का?”

“कागद विरून जाईल,” मी म्हणालो. “पण प्लॅस्टिकची पिशवी विरत नाही. ती पुढे एखाद्या मोरीत अडकून बसते.”

घंटा झाली. मधली सुट्टी सुरू झाली. पाण्याच्या टाकीजवळ नेहमीसारखी गर्दी उसळली. सुट्टी संपल्याची घंटा झाली तेव्हा सगळे वर्गाकडे पळाले. एक नळ अर्धवट उघडा राहिला होता. होडीवाला मुलगा दारापर्यंत पोहोचला होता. तो थांबला, मागे वळला, नळ घट्ट बंद केला आणि मग वर्गात आला.

शब्दार्थ

कालवा – नहर
काठ – किनारा
गिरकी – गोल फेरी
उतार – ढाळ, खालच्या बाजूला जाणारी जमीन
स्थिर – न हलणारे
युक्ती – तरकीब
आवर्तन – ठरलेल्या पाळीने शेतीला सोडलेले पाणी
मोरी – पाणी जाण्याची लहान वाट
पातळी – पाण्याची उंची
सुकाणू – होडीला दिशा देणारे साधन
कुरण – गवताचे मोठे मैदान
बोगदा – डोंगरातून काढलेली वाट
नावाडी – मल्लाह
गोदी – जहाजे थांबण्याची बांधलेली जागा
निसरडा – पाय घसरेल असा

वाक्प्रचार

तहान भागवणे – पाणी पिऊन किंवा देऊन तहान शांत करणे
हशा पिकणे – सगळ्यांनी मोठ्याने हसणे
वाया घालवणे – उपयोग न करता फुकट दवडणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वर्गाची सहल कोठे गेली होती?
(आ) मुठा उजवा कालवा कोठून निघतो?
(इ) नॅरोबोट म्हणजे काय?
(ई) टार्डबिग येथे किती लॉक आहेत?
(उ) आपोआप उघडणारे दरवाजे खडकवासला धरणावर कोणत्या साली बसवले?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मुठा कालव्यात होड्या का चालत नाहीत?
(आ) पातळी सारखी होण्यापूर्वी लॉकचे दार का उघडत नाही?
(इ) होडीवर राहणारी मुले शाळेत का जाऊ शकत नव्हती?
(ई) लॉकमधून बाहेर पडल्यावर होडीवाल्याने काय केले पाहिजे? का?

प्र. ३. कोण, कोणाला म्हणाले ते लिहा.
(अ) “स्वारगेटचा सिग्नलसुद्धा लागणार नाही!”
(आ) “आपाची सगळी पुस्तके वाहून गेली.”
(इ) “मग माझी होडीसुद्धा कचराच झाली का?”

प्र. ४. खालील वाक्ये योग्य क्रमाने लिहा.
(अ) आतले आणि पुढचे पाणी एका पातळीवर येते.
(आ) होडी लॉकमध्ये शिरते.
(इ) वरचे दार उघडून होडी पुढे जाते.
(ई) मागचे दार लावून घेतात.
(उ) फळी उचलून वरचे पाणी आत घेतात.

प्र. ५. अनेकवचन लिहा.
कालवा, होडी, दार, पायरी, फूल, पुस्तक

प्र. ६. वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
तहान भागवणे, हशा पिकणे, वाया घालवणे

प्र. ७. विचार करा आणि सांगा.
शेवटी मुलगा मागे वळून नळ बंद करतो. शिक्षकांनी त्याला तसे सांगितले नव्हते. मग त्याने तसे का केले असेल?

उपक्रम
(१) घरातील एखादा नळ गळत असेल तर त्याखाली भांडे ठेवा. एका तासात किती पाणी जमते ते मोजा. एका दिवसात किती पाणी वाया जाईल, ते काढून वर्गात सांगा. जमलेले पाणी झाडांना घाला.
(२) आजी-आजोबांना किंवा शेजारच्या वडीलधाऱ्यांना पानशेतच्या पुराबद्दल विचारा. त्यांनी सांगितलेली एक आठवण पाच-सहा वाक्यांत मराठीत लिहा.